सांभाळून घेणारी माणसे

'सांभाळून घे' हा आपल्या भाषेतला फार जुना उपदेश आहे. सासरी निघालेल्या मुलीला आई तो करते, नव्या कारकुनाला हेडक्लार्क करतो, तापट मुलाच्या बाबतीत बाप धाकट्या भावंडांना करतो. त्यात माया आहे, समजूतदारपणा आहे आणि थोडी लाचारीही आहे. परंतु ज्याला सांभाळायचे तो माणूस कसा आहे, त्याला किती दिवस सांभाळायचे आणि या सांभाळण्यात सांभाळणाऱ्याचे स्वतःचे काय होते, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ते प्रश्न प्रथम कोणी, कोठे आणि कसे विचारले, त्यांची उत्तरे कशी बदलत गेली, याचा इतिहास आज मला आपल्यापुढे मांडायचा आहे.

मी कामगार चळवळीतला माणूस. मानसशास्त्राची पदवी मजपाशी नाही, किंबहुना कोणतीच नाही. परंतु कामगारांच्या संघटनेत ज्याने उमेदीची वर्षे घालवली, त्याला कामगाराचे घर वगळून कामगार समजत नाही. शनिवारी जी बाई नवऱ्याचा पगार आपल्या हातात द्या म्हणून विनवणी करते, तीच सोमवारी 'त्यांना ताप भरलाय, खाडा मांडू नका' असा निरोप घेऊन येते. शनिवारची बाई खरी की सोमवारची? माझ्या मते दोघीही खऱ्या आहेत. या दोन्ही गोष्टी एकाच बाईकडून का होतात, हे समजून घेण्यासाठी मी जे काही वाचले, त्याचे सार पुढे देत आहे.

या विषयाला इंग्रजीत 'को-डिपेंडन्सी' असे नाव पडले आहे. मराठीत आपण त्याला सहावलंबन म्हणू. एक माणूस दारूवर अवलंबून असतो आणि दुसरे माणूस त्या माणसावर. दुसऱ्याचा दिवस चांगला की वाईट, हे पहिला किती प्याला यावर ठरते. हळूहळू पहिल्याला सावरणे, लपवणे, सुधारणे हाच दुसऱ्याच्या आयुष्याचा धंदा होऊन बसतो. हे जगभर घडत आले आहे, आपल्याकडेही घडले आहे. परंतु त्याची नीट नोंद ठेवण्याचे काम मुख्यतः अमेरिकेत झाले, म्हणून हा इतिहास तिकडचा.

आरंभ एका व्याख्यानापासून करतो. अमेरिकेतील ओहायो राज्यात हिल्सबरो नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १८७३ च्या डिसेंबरात डायो लुइस नावाच्या गृहस्थांचे दारूच्या दुष्परिणामांवर भाषण झाले. भाषणे ऐकून लोक घरी जातात आणि जेवून झोपतात, अशी आमची वक्तेमंडळींची नेहमीची तक्रार असते. हे भाषण त्याला अपवाद ठरले. २४ डिसेंबरच्या सकाळी गावातल्या बायका देवळात जमल्या आणि एलायझा टॉम्पसन या बाईंच्या पुढारपणाखाली रांगेने रस्त्यावर निघाल्या. एलायझाबाई या राज्याच्या एका माजी गव्हर्नरांच्या कन्या. या बायका एकेका गुत्त्यात शिरल्या, जमिनीवर गुडघे टेकून त्यांनी प्रार्थना केली, भजने म्हटली आणि मालकाला दुकान बंद करण्याची विनंती केली. पाहता पाहता हे लोण शेकडो गावांत पसरले. पुढल्याच वर्षी, १८७४ च्या नोव्हेंबरात, क्लीव्हलंड येथे या स्त्रियांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पुढे फ्रान्सेस विलर्ड या तिच्या अध्यक्षा झाल्या. दारूबंदीबरोबर स्त्रियांचा मताधिकार आणि आठ तासांचा कामाचा दिवस या मागण्याही त्यांनी उचलून धरल्या, म्हणून आम्हां कामगारांना त्या विशेष जवळच्या वाटतात. आपल्या पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेस गेल्या, तेव्हा त्यांचा या संघटनेशी निकटचा संबंध आला, आणि १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' या पुस्तकातून तिकडच्या स्त्रियांच्या चळवळीची हकीकत मराठी वाचकांपर्यंत पोचली.

आता प्रश्न असा की, या घरंदाज बायका गुत्त्याच्या फरशीवर जाऊन का बसल्या? नवऱ्याशी घरीच का बोलल्या नाहीत? याचे उत्तर त्या काळच्या कायद्यात आहे. इंग्रजी परंपरेच्या कायद्यानुसार लग्न झाल्यावर बायकोची मिळकत नवऱ्याच्या ताब्यात जाई. तिने चार घरी काम करून मिळवलेली मजुरीसुद्धा नवऱ्याचीच. न्यूयॉर्क राज्याने १८४८ मध्ये विवाहित स्त्रीला मिळकतीचा आणि १८६० मध्ये स्वतःच्या कमाईचा हक्क दिला. इतर राज्ये आपापल्या गतीने मागून आली. ज्या बाईची कमाई नवरा कायदेशीरपणे उचलून गुत्त्यात घालवू शकतो, तिने नवऱ्याला सांभाळायचे नाही तर काय करायचे? परावलंबन हे मनाचे दुखणे ठरण्याआधी कायद्याचे कलम होते, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू. पुढच्या तज्ज्ञ मंडळींना तिचा बहुतांशी विसर पडला.

स्त्रियांच्या या चळवळीचे आणि इतर अनेक शक्तींचे फळ म्हणून १९२० मध्ये सबंध अमेरिकेत दारूबंदी झाली आणि १९३३ मध्ये ती उठली. त्या तेरा वर्षांची चर्चा येथे करीत नाही. आपल्या विषयापुरते एवढेच सांगायचे की, बाटली सरकारी बंदोबस्ताने काढून घेता येते. परंतु बाटलीच्या भोवती घरातल्या माणसांची जी मांडणी झालेली असते, तिला त्या बंदोबस्ताचा धक्का लागत नाही.

ती मांडणी कशी असते, हे एका घराच्या उदाहरणाने पाहू. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका डॉक्टरांची कन्या लोइस बर्नम हिने १९१८ च्या जानेवारीत बिल विल्सन या तरुणाशी विवाह केला. बिल हुशार होता, शेअरबाजारात त्याने नाव काढले, आणि तो बेसुमार पिऊ लागला. आपल्या प्रेमाने तो सुधारेल अशी लोइसची खात्री होती. १९२५ मध्ये मोटारसायकलला जोडगाडी लावून नवराबायको अनेक महिने देशाच्या पूर्व भागात तंबू ठोकीत हिंडली. बिलला निरनिराळ्या कंपन्यांची माहिती काढायची होती. लोइसचा हेतू निराळा होता. मोकळ्या हवेत नेले, शहरातल्या दारूपासून दूर ठेवले, तर तो सुटेल असे तिला वाटत होते. तो सुटला नाही. बाजार कोसळल्यावर त्याची मिळकत गेली. मग लोइस मोठ्या दुकानात नोकरी करू लागली. दिवसभर दुकानात उभे राहायचे, संध्याकाळी घरी येऊन नवरा कोठे पडला आहे ते पाहायचे, त्याला निजवायचे, आणि सकाळी त्याच्याकडून नवी शपथ घ्यायची, असा तिचा क्रम सुरू झाला.

लोइसच्या विवाहाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९१९ मध्ये, आपल्याकडे गडकऱ्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आले. भाऊ न्यायला आला तरी नवऱ्याचे घर न सोडणारी, दळण दळून संसार ओढणारी सिंधू बालगंधर्वांनी उभी केली आणि महाराष्ट्र रडला. सिंधूला आपण पतिव्रतेचा आदर्श मानले. नाटककाराने समाजापुढे दारूचे भयानक चित्र ठेवले याबद्दल वाद नाही. परंतु सिंधूने काय करायला हवे होते, हा प्रश्न प्रेक्षकांनी फारसा विचारला नाही. सुधाकराने दारू सोडावी एवढेच सर्वांना वाटले. लोइसलाही सतरा वर्षे एवढेच वाटत होते. तिची गोष्ट वेगळी झाली ती पुढे.

१९३४ च्या डिसेंबरात बिलची दारू सुटली. १९३५ च्या मे महिन्यात एका कंपनीच्या कामासाठी तो ओहायोतील ॲक्रन या गावी गेला. ॲक्रन म्हणजे टायरांचे गाव. गुडइयर, फायरस्टोन यांचे कारखाने तेथलेच. त्याच गावात त्याच वर्षी रबर कामगारांची राष्ट्रीय युनियन स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी गुडइयरमध्ये मोठा संप झाला. बिलचे काम फसले, हॉटेलात एकटा असताना पिण्याची ऊर्मी आली, आणि आपल्यासारखाच दुसरा दारुडा भेटला तर आपण वाचू असे वाटून त्याने हॉटेलातून फोन फिरवायला सुरुवात केली. असा त्याला रॉबर्ट स्मिथ हा शस्त्रवैद्य भेटला. १० जून १९३५ हा डॉक्टर स्मिथ यांच्या शेवटच्या प्याल्याचा दिवस. तोच 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या संस्थेचा स्थापनादिन मानला जातो. एकमेकांना आधार देणाऱ्या दारुड्यांची ती बिनपगारी, बिनमालकी संघटना होती. एका गावात एका वर्षी दोन संघटना जन्मल्या. एक कारखान्यातल्या जुलमाविरुद्ध, दुसरी बाटलीच्या. दोहोंचे सूत्र एकच होते, आणि ते म्हणजे ज्याच्या पायात काटा त्यानेच समदुःखी गोळा करावे.

या पुरुषांच्या बैठका कोणाच्या तरी घरी होत, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या बायका येत. डॉक्टरांच्या पत्नी ॲन स्मिथ नव्याने आलेल्या बायकांची विचारपूस करीत. बाहेरच्या खोलीत पुरुष आपल्या व्यसनाची कबुली देत, आणि कॉफी करता करता बायका आपसांत बोलू लागत. त्यांच्या ध्यानात हळूहळू एक गोष्ट आली, ती अशी की सगळ्यांच्या घरची हकीकत एकच आहे. शेजाऱ्यांपासून लपवणे तेच, साहेबाला खोटा निरोप तोच, बाटल्या ओतून देणे तेच, रात्री कान देऊन पावलांचा आवाज ऐकणेही तेच. ज्या गोष्टीची प्रत्येकीला वैयक्तिक शरम वाटत होती, ती सर्वांची सामाईक निघाली. संघटनेचे काम केलेल्या माणसाला या क्षणाचे महत्त्व सांगावे लागत नाही. सर्व चळवळी येथूनच सुरू होतात.

तरीही बायकांना आपला आवाज मिळायला वेळ लागला. १९३९ मध्ये या संस्थेचे पुस्तक निघाले. त्यात बायकांना उद्देशून एक प्रकरण होते, आणि ते बायकांच्याच तोंडचे असावे असे लिहिलेले होते. प्रत्यक्षात ते लिहिले बिलने. लोइसला ते लिहायची इच्छा होती, ती संधी मिळाली नाही, आणि याचे तिला वाईट वाटले. कामगारांचे निवेदन मॅनेजरसाहेबांनी लिहून द्यावे, तसलाच हा प्रकार.

याच काळातला एक प्रसंग लोइसने पुढे स्वतःच अनेकदा सांगितला. बिलची दारू सुटली होती. रोज संध्याकाळी तो बैठकीला जाई. एके दिवशी त्याने लोइसला, लवकर चल, बैठकीला उशीर होतो, असे सहज म्हटले. लोइसने बूट त्याच्या अंगावर फेकला आणि त्याच्या बैठकांच्या नावाने शिव्या दिल्या. मग ती स्वतःच थक्क झाली. जी गोष्ट घडावी म्हणून तिने इतकी वर्षे देव पाण्यात बुडवून ठेवले होते, ती घडली होती. मग संताप कशाचा? विचार करता तिच्या ध्यानात आले की, ज्या कामासाठी तिने आयुष्य घातले ते काम चार परक्या दारुड्यांनी करून दाखवले होते. तिला कोणी विचारले नव्हते, आणि आता तिला करण्यासारखे काही उरले नव्हते.

हा बूट आमच्या गिरणीच्या भाषेत मी असा समजतो. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार असे. कायम माणूस गैरहजर असला की बदलीवाला त्याच्या सांच्यावर उभा राही. आता कल्पना करा, कायम माणूस सतरा वर्षे गैरहजर आहे. बदलीवाल्याने सांचा चालवला, सूत जोडले, शिव्या खाल्ल्या, हात सोलून घेतले. एके दिवशी कायम माणूस धुतलेले कपडे घालून येतो आणि म्हणतो, बाजूला हो. बदलीवाल्याने आनंदाने बाजूला व्हावे अशी सर्वांची अपेक्षा! पिणाऱ्याच्या घरात बाप नावाची जागा रिकामी पडते, आणि घर चालले पाहिजे म्हणून ती कोणीतरी भरते. कधी बायको, कधी बारा वर्षांची थोरली मुलगी. हा स्वभावाचा दोष नसून रिकाम्या जागेवरची नेमणूक असते. फरक एवढाच की, गिरणीतल्या बदलीला निदान त्या दिवसाची मजुरी मिळे.

लोइसने मात्र बूट फेकण्यावर थांबणे पसंत केले नाही. नवऱ्याच्या व्यसनाचा विचार सोडून तिने स्वतःच्या वागण्याचा विचार सुरू केला. १९५० च्या सुमारास अमेरिकेत ठिकठिकाणी अशा कुटुंबीयांचे स्वतंत्र गट निघाले होते. १९५१ मध्ये लोइस आणि ॲन नावाच्या तिच्या एका मैत्रिणीने नोंदलेल्या ८७ गटांना आणि व्यक्तींना पत्रे पाठवली, आणि त्यांतून 'अल-ॲनॉन' ही कुटुंबीयांची संघटना उभी राहिली. हिचेही नियम मूळ संस्थेसारखेच आहेत. खर्च सभासदांच्या स्वेच्छेच्या वर्गणीतून करायचा, बाहेरची देणगी घ्यायची नाही, नाव जाहीर करायचे नाही. नवऱ्याला कसे सुधारावे हे तेथे शिकवीत नाहीत. त्याचे पिणे तुम्ही निर्माण केलेले नाही आणि ते आवरणे तुमच्या हाती नाही, मग तुमच्या हाती काय आहे, एवढाच प्रश्न तेथे असतो. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात एका सतरा वर्षांच्या मुलाने पिणाऱ्यांच्या मुलांसाठी असाच गट काढला, आणि त्यातून मुलांची 'अलाटीन' ही शाखा झाली.

येथवर ही चळवळ स्वयंपाकघरातली होती. आता तज्ज्ञांकडे वळू. १९५० च्या आसपास पुष्कळ डॉक्टरांचे आणि समाजसेवकांचे असे मत होते की, दारुड्याची बायको मुळातच विकृत स्वभावाची असते, आणि आपल्या गरजेपोटीच ती असा नवरा निवडते. १९५३ मध्ये थेल्मा व्हेलन या समाजसेविकेने अशा बायकांचे चार प्रकार पाडले. एक सोसणारी, एक ताबा गाजवणारी, एक डळमळणारी, एक शिक्षा करणारी. प्रत्येकीला तिने टोपणनावही दिले. म्हणजे नवरा प्याला तर त्याचे व्यसन, आणि बायको रडली तर तिचा स्वभाव!

पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, त्याच नियतकालिकात जोन जॅक्सन या समाजशास्त्रज्ञ बाईंचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी सिॲटल शहरात अशा बायकांच्या गटात बसून दीर्घकाळ त्यांची बोलणी ऐकली होती. त्यांनी प्रकार पाडले नाहीत, टप्पे सांगितले. आरंभी कुटुंब संकट नाकारते. मग ते घालवण्याची धडपड करते, पाहुणे टाळते, चारचौघांत जाणे सोडते. मग घराची घडी विस्कटते. चौथ्या टप्प्यात बायको घराचा कारभार हाती घेते आणि नवऱ्याला एका हट्टी मुलासारखे वागवू लागते. त्यानंतर काही जणी त्याच्यापासून दूर होतात, उरलेले कुटुंब नव्याने घडी बसवते. आणि नवऱ्याची दारू सुटलीच, तर सगळी घडी पुन्हा एकदा मोडून बसवावी लागते, हा सातवा टप्पा. व्हेलनबाईंच्या चारही बायका या टप्प्यांत आपल्याला दिसतात, परंतु त्या चार निरनिराळ्या बायका राहत नाहीत. एकच बाई पहिल्या वर्षी सोसणारी असते, पाचव्या वर्षी ताबा घेणारी असते. स्वभाव बदललेला नसतो, टप्पा बदललेला असतो. शनिवारची बाई आणि सोमवारची बाई एकच कशी, याचे उत्तर मला प्रथम या निबंधाने दिले.

यानंतर कुटुंबातल्या भूमिकांचा अभ्यास वेगाने वाढला. व्हर्जिनिया सटिर या बाईंनी १९६० च्या दशकात एकट्या रोग्याला न तपासता सबंध कुटुंबाला एकत्र बसवून बोलते करण्याची पद्धत रूढ केली. १९६८ मध्ये स्टीफन कार्पमन या मानसोपचारतज्ज्ञाने एक त्रिकोण मांडला. छळणारा, सोसणारा आणि सोडवणारा असे त्याचे तीन कोन. त्याचे म्हणणे असे की, माणसे या कोनांवर स्थिर नसतात, फिरत असतात. आईला सोडवायला गेलेला मुलगा बापावर हात टाकतो आणि छळणारा होतो. मग आईच बापाच्या बाजूने उभी राहून मुलाला बोल लावते, आणि मुलगा सोसणारा होतो. हे दृश्य ज्याने पाहिले नाही असा माणूस आमच्या वस्तीत विरळा.

१९८० च्या सुमारास शॅरन वेगशायडर आणि क्लॉडिया ब्लॅक या दोघींनी मुलांच्या भूमिका सांगितल्या. एक मूल घराची अब्रू सांभाळते. अभ्यासात पहिले येते, लहानपणीच प्रौढ होते. दुसरे सगळ्या घराचा दोष अंगावर घेते. 'हा असा वाह्यात म्हणून बाप पितो' असे लोक म्हणतात. तिसरे मूल कोपऱ्यात असते. त्याचा कोणाला त्रास नसतो, म्हणून ते कोणाला दिसतही नाही. चौथे सर्वांना हसवते, कारण हसू आले की भांडण थोडे लांबते. शिक्षक पहिल्या मुलाला बक्षीस देतात आणि दुसऱ्याला छडी. चारही मुले एकच काम करीत असतात, आणि ते म्हणजे घर कोसळू न देणे. त्यांचे आयुष्य पुढे या भूमिकेतच जाते. बाप मरून जातो, दारू घरातून जाते, पण पन्नाशीतली थोरली मुलगी अजून सर्वांची उठाठेव करीत असते आणि हे आपल्याला का सोडवत नाही, हे तिला कळत नाही. वारसा म्हणून फक्त जमीन आणि भांडी मिळतात असे नाही, रिकाम्या जागाही मिळतात.

हे ज्ञान मोलाचे आहे. परंतु त्याचे पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. १९७० मध्ये अमेरिकेत सिनेटर हॅरल्ड ह्यूज यांच्या खटपटीने मद्यपाशावरील उपचारांचा कायदा झाला. ह्यूज हे पूर्वी ट्रक चालवीत, आणि स्वतः दारूतून बाहेर आलेले होते. पुढे विमा कंपन्या उपचाराचे पैसे देऊ लागल्या आणि उपचारकेंद्रांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. रोग्याबरोबर कुटुंबीयांसाठीही कार्यक्रम आले. त्याच वातावरणात सहावलंबन हा शब्द रूढ झाला. १९८६ हे त्याच्या भरतीचे वर्ष. त्या वर्षी मेलडी बीटी या लेखिकेचे या विषयावरचे पुस्तक निघाले आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. त्याच वर्षी टिमन सर्माक या डॉक्टरांनी सहावलंबन हा एक व्यक्तिमत्त्वाचा विकार मानावा असे सुचवले. आणि त्याच वर्षी ॲरिझोनातील फीनिक्स येथे सहावलंबी माणसांची स्वतंत्र बैठक सुरू झाली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने आपल्या अधिकृत विकारसूचीत हा विकार तेव्हा घेतला नाही, पुढे २०१३ च्या आवृत्तीतही घेतला नाही.

बीटीबाई स्वतः या सर्व दिव्यांतून गेलेल्या होत्या, आणि त्यांच्या पुस्तकाने असंख्य लोकांना धीर दिला, हे मान्य केले पाहिजे. परंतु शब्दाला बाजारभाव आला की त्याचा अर्थ सैल होतो. जो कोणी दुसऱ्याची काळजी वाहतो तो आजारी, अशी भाषा सुरू झाली. १९९० मध्ये जो-ॲन क्रेस्टन आणि क्लॉडिया बेप्को या दोन स्त्री-उपचारतज्ज्ञांनी याला हरकत घेतली. त्यांचा मुद्दा साधा होता. मुलीला लहानपणापासून सेवा शिकवायची, त्याग शिकवायचा, आणि तिने तो मन लावून केला की तिलाच रोगी ठरवायचे, हा कोणता न्याय? मला हा मुद्दा पटतो. एलायझाबाईंच्या काळी बाई कायद्याने बांधलेली होती, व्हेलनबाईंच्या काळी ती स्वभावाने वाईट ठरली, आणि १९८६ नंतर ती आजारी ठरली. तिच्या हातात पैसा किती, तिच्या नावावर छप्पर आहे का, तिला कोठे जाता येईल, हे प्रश्न या तिन्ही काळी तिला घरात डांबून ठेवीत होते. हिल्सबरोच्या बायकांना ते ठाऊक होते. नंतरच्या पुस्तकांत ते शोधावे लागतात.

योगायोग असा की, १९८६ मध्येच पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे पुढे व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट चालू झाला. बायका एकत्र बसतात, आपली हकीकत सांगतात, दुसरीची ऐकतात. ॲक्रनच्या स्वयंपाकघरात जे सुरू झाले, त्याचीच ही मराठी बैठक आहे. त्याच्या जोडीला आपल्याकडे २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. त्या कायद्याने बाईला, घर तिच्या नावावर नसले तरी, त्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. बैठक मनाला बळ देते, कायदा पायाखाली फरशी देतो. एकावाचून दुसरे अपुरे आहे. फरशी नसलेल्या बाईला 'तू त्याला सांभाळणे सोड' असे सांगणे म्हणजे तिला विहिरीच्या काठावरून हात सोडायला सांगणे होय.

हे सांभाळणे फक्त घरात चालते असेही नाही. कारखान्यात मुकादम खाडा झाकतो, जोडीदार दोघांचे काम एकटा ओढतो, युनियनचा प्रतिनिधी नोटिशीचे उत्तर रचून देतो. हे सर्व बंधुभावाने होते. आणि एके दिवशी तोच माणूस यंत्रात हात घालून बसतो, तेव्हा बंधुभाव कामास येत नाही. अमेरिकेत १९४० च्या दशकात ड्यू पाँट, ईस्टमन कोडॅक अशा कंपन्यांनी मद्यपाशातील कामगारांना काढून टाकण्याऐवजी उपचारांची सोय करण्यास आरंभ केला. कॉर्नेल विद्यापीठातील हॅरिसन ट्राइस यांनी या प्रश्नाचा अनेक वर्षे अभ्यास केला. या साऱ्याचा मथितार्थ असा की, लपवणे थांबले पाहिजे आणि नोकरी टिकली पाहिजे, या दोन गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात. नोकरी जाईल ही भीती असेल तर जोडीदार लपवणारच. उपचारासाठी रजा आणि परतल्यावर जागा, एवढी हमी दिली, तरच खरे बोलण्याची सोय होते. घरातही न्याय हाच आहे. खरे बोलल्याने जिचे छप्पर जाणार आहे, ती खोटा निरोप घेऊन येणारच.

मदत कोणती आणि लपवणे कोणते, असे मला लोक विचारतात. माझी कसोटी ढोबळ आहे. पडलेल्याला उचलून घरी आणणे, त्याला जेवू घालणे, दवाखान्यात नेणे ही मदत. तो पडलाच नव्हता असे जगाला सांगणे हे लपवणे. पहिले माणुसकीचे आहे, ते सोडा असे कोणी म्हणू नये. दुसऱ्याचे ओझे मात्र एका बाईने किंवा एका पोराने एकट्याने वाहायचे नसते, कारण ते कोणालाच वाहता येत नाही. लोइसला ते सतरा वर्षे वाहता आले नाही, आणि ती खंबीर बाई होती.

शेवटी या गावातील मंडळींना एक मागणे मागतो. व्यसनी माणसासाठी उपचारकेंद्रे निघत आहेत, त्यांना लोक देणग्याही देतात. त्याच्या घरच्यांसाठी देणगी लागत नाही. या बैठकांना हवी असते ती आठवड्यातून एक संध्याकाळ, एक खोली, काही खुर्च्या, चहाचे पातेले, आणि दारात उभे राहून कोण आत जाते हे न पाहणारे शेजारी. आपल्या वाचनालयाला खोली आहे, नगरपालिकेच्या शाळेलाही संध्याकाळी कुलूपच असते. किल्ली कोणाकडे आहे त्याने ती द्यावी. पहिल्या आठवड्यात दोघी येतील, कदाचित एकच येईल. ८७ पत्रे पाठवणाऱ्या बायकाही आधी दोघीच होत्या.